तामाकी पर्वतावरचे देवस्थान

पहिला दिवस : यागी ते तोत्सुकावा

जपानच्या नारा प्रांताच्या नकाशावर दक्षिणेकडे बोट सरकवत नेले की थोड्याच अंतरावर रेल्वेच्या रेघा संपतात. उत्तरेला जुन्या राजधान्यांची सपाटी, खाली कुमानोचा किनारा आणि या दोहोंच्या मधे ‘की’ नावाच्या द्वीपकल्पाचे एकात एक अडकलेले डोंगर, अशी इथली रचना आहे. तामाकी जिंजा हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, देवस्थान याच डोंगरांत, तोत्सुकावा नावाच्या गावाच्या हद्दीत, 1076 मीटर उंचीच्या तामाकी पर्वताच्या माथ्याखाली वसलेले आहे. तोत्सुकावाला गाव म्हणायचे ते सरकारी व्याख्येनुसार. त्याचे क्षेत्रफळ 672 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगरे मिळून होतात त्याहून अधिक, आणि लोकसंख्या मात्र जेमतेम तीन हजारांच्या आसपास. यातली सुमारे 96 टक्के जमीन जंगलाखाली आहे; उरलेल्या फटींत नदी, रस्ता आणि माणसे.

या देवस्थानाबद्दल जपानमध्ये एक वाक्य सर्रास ऐकू येते, ते म्हणजे देवाचे बोलावणे आल्याशिवाय तिथे कोणी पोहोचत नाही. आपल्याकडेही काही तीर्थांविषयी असेच बोलले जाते, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. ओसाकात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने मात्र वेळापत्रक पुढ्यात ठेवून, "दादा, बोलावणं आलं तरी बस दिवसाला तीनच आहेत," असे सांगून विषय मिटवला. पुढच्या सगळ्या प्रवासात दुभाषी म्हणून तीच सोबत होती.

यामातो-यागी स्थानकासमोरून सुटणारी ही बस कुमानोच्या किनाऱ्यावरच्या शिंगू शहरापर्यंत जाते. द्रुतगती मार्गावर न चढता साध्या रस्त्याने जाणाऱ्या बसमार्गांत हा जपानमधला सर्वांत लांब मार्ग आहे. अंतर सुमारे 167 किलोमीटर, थांबे दीडशेहून अधिक आणि शेवटपर्यंत गेल्यास वेळ साडेसहा तास. बसमध्ये चढताना यंत्रातून आकड्याची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना चालकाजवळच्या फलकावर त्या आकड्याखाली दिसणारे भाडे पेटीत टाकायचे, अशी पद्धत आहे. वाहक नाही आणि चालक सगळ्या वाटेवर एकच. सुरुवातीला शाळेची मुले आणि भाजीच्या पिशव्या घेतलेल्या वृद्ध बायका चढत-उतरत होत्या. गोजो शहर मागे पडल्यावर बसमध्ये मोजकेच प्रवासी उरले.

गोजो सोडताना उजव्या-डाव्या हाताला कुठेतरी काँक्रीटच्या कमानी शेतांवरून आडव्या गेलेल्या दिसतात आणि मधेच थांबतात. गोजो ते शिंगू अशी रेल्वे डोंगर ओलांडून न्यायची योजना होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी काम सुरू झाले, युद्धात थांबले, पुन्हा सुरू झाले आणि 1982 मध्ये कायमचे बंद पडले. ज्या डोंगरांनी रेल्वेला नकार दिला, त्यांच्यातून ही बस एकेका वळणावर वेग कमी करत, समोरून लाकडाचा ट्रक आला की मागे सरून वाट देत पुढे जाते. घाटातली बस लागण्याची सवय असलेल्या मराठी माणसाने आवळासुपारी खिशात ठेवावी, हे मी अनुभवाने सांगतो.

कामिनोजी येथे बस वीस मिनिटे थांबते, ती तानिझेचा झुलता पूल पाहता यावा म्हणून. हा पूल 297 मीटर लांब असून नदीच्या पात्रापासून 54 मीटर उंचीवर टांगलेला आहे. आज तो पर्यटकांचे आकर्षण असला तरी त्याची गोष्ट पर्यटनाची नाही. पूर्वी इथले लोक नदीवर ओंडक्यांचे साकव टाकत आणि दर पुरात ते वाहून जात. अखेर 1954 मध्ये गावकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून घरटी दोन ते तीन लाख येन घालून हा पूल उभारला. ज्या काळी नव्या शिक्षकाचा महिन्याचा पगार आठ हजार येनच्याही आत होता, त्या काळातली ही वर्गणी आहे. एका वेळी वीसपेक्षा अधिक माणसांनी पुलावर जाऊ नये अशी पाटी आहे. मधल्या फळ्यांच्या दोन्ही बाजूंना जाळी असून तिच्यातून खालचे पांढरे गोटे आणि हिरवट पाण्याची बारीक धार स्पष्ट दिसते. माझी बहीण पलीकडे जाऊन परत आली. मी मध्यापर्यंत गेलो आणि बस सुटेल या सबबीवर मागे फिरलो.

पुढचा रस्ता नदीला धरून जातो. दोन्ही अंगांना डोंगर इतके सरळ उठलेले आहेत की घरे रस्त्याच्या वर, खडकात खाचे पाडल्यासारखी बसलेली आहेत आणि प्रत्येक घराच्या वर चहाच्या झुडपांची एखादी ओळ आहे. जंगल सर्वत्र आहे, पण ते नीट पाहिले की एकसारखे वाटू लागते, कारण त्यातला मोठा भाग लावलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीसाठी लाकडाची टंचाई होती, म्हणून देशभर नैसर्गिक जंगल काढून सुगी, म्हणजे जपानी देवदार, आणि हिनोकी या सरळसोट वाढणाऱ्या झाडांच्या रांगा लावल्या गेल्या. 1964 मध्ये लाकडाची आयात पूर्णपणे खुली झाली, परदेशी लाकूड स्वस्त पडू लागले आणि विरळणी न झालेली ही लाखो झाडे तशीच उभी राहिली. त्यांच्या तळाशी ऊन पोहोचत नाही, त्यामुळे तिथे झुडूप नाही, गवत नाही, केवळ तपकिरी काड्यांचा थर आहे. मधेच एखाद्या उतारावर वरपासून खालपर्यंत उघडी माती दिसते आणि तिच्यावर काँक्रीटच्या चौकटी मारलेल्या असतात. 2011 च्या सप्टेंबरातल्या वादळात कोसळलेले कडे अजूनही असे बांधून काढलेले आहेत.

दुपारी तोत्सुकावा ओन्सेन या थांब्यावर उतरलो. गावात गरम पाण्याचे झरे तीन ठिकाणी आहेत. झऱ्याचे पाणी पुन्हा फिरवायचे नाही, त्यात थंड पाणी मिसळायचे नाही, जसे येईल तसे वाहते ठेवायचे, अशी जाहीर घोषणा गावाने 2004 मध्ये केली आणि असे करणारे ते जपानमधले पहिले गाव ठरले. आमची उतरण्याची जागा म्हणजे एका आजींचे घर होते, ज्याच्या मागच्या बाजूला धरणाचे स्थिर पाणी दिसत होते.

रात्रीच्या जेवणात डोंगरातल्या कोवळ्या पाल्याची भाजी, कोन्न्याकू या कंदाच्या जेलीचे काप, ओढ्यातला भाजलेला मासा आणि मेहारी-झुशी होते. मोहरीच्या जातीच्या ताकाना या पालेभाजीची मोठी पाने खारवून त्यांत भाताचा गोळा गुंडाळला की मेहारी-झुशी होते. लाकूडतोडे हेच बांधून घेऊन जंगलात जात. मी मासे खात नाही हे बहिणीने आधीच कळवले होते, तरीही आजींनी दोनदा खात्री करून घेतली आणि सूप वेगळ्या भांड्यात केले, कारण एरवी त्यात सुक्या माशाचा अर्क असतोच. शेवटी त्यांनी युबेशी आणली. युझू या लिंबाच्या जातीच्या फळातला गर काढून टाकायचा, सालीच्या वाटीत मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), पीठ आणि तीळ भरायचे, वाफवायचे आणि मग थंडीच्या वाऱ्यात महिनोन्‌महिने टांगून ठेवायचे. तयार होते ते काळपट, घट्ट असते आणि पापुद्र्याइतके पातळ कापून खातात. पहिल्या घासाला खारट, मग कडसर, आणि सर्वांत शेवटी जिभेवर लिंबाचा वास उमटतो. मला ती अतिशय आवडली. बहिणीने आपला काप माझ्या ताटलीत सरकवला.

जेवणानंतर आजी 1889 च्या पुराविषयी बोलल्या. त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधीची ही घटना, पण इथे ती घरातल्या मयतासारखी सांगितली जाते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये अतोनात पाऊस झाला, हजाराहून अधिक ठिकाणी कडे कोसळले, कोसळलेल्या मातीने नद्या अडून तात्पुरती तळी तयार झाली आणि ती फुटली तेव्हा खालच्या वस्त्या गेल्या. या खोऱ्यात 168 माणसे मृत्युमुखी पडली. जमीनच उरली नाही म्हणून सुमारे सहाशे कुटुंबांनी, अडीच हजारांच्या आसपास माणसांनी, त्याच वर्षी गाव सोडले आणि जपानच्या थेट उत्तर टोकाला, होक्काइदो बेटावर, रान तोडून नवी वसाहत केली. तिचे नाव शिन-तोत्सुकावा, म्हणजे नवे तोत्सुकावा. जाताना त्यांनी तामाकीच्या देवाचा अंश सोबत नेला आणि तिकडे त्याची स्थापना केली. 2011 मध्ये इथे पुन्हा कडे कोसळले तेव्हा होक्काइदोहून मदत आली. त्या नव्या गावाचा उल्लेख आजी "मुलीचं गाव" असा करीत होत्या.

दुसरा दिवस : तामाकी

देवस्थानापासून पायी वीस मिनिटांच्या अंतरापर्यंत आता डांबरी रस्ता जातो आणि बहुतेक लोक मोटारीनेच येतात. आम्ही ओरिताते या नदीकाठच्या वस्तीतून वर चढणारी जुनी पायवाट धरली आणि उतरण्यासाठी टॅक्सी सांगून ठेवली. मे महिन्याचा मध्य होता. आदल्या रात्री पाऊस पडून गेल्याने वाट ओली होती. सुरुवातीला घरांच्या अंगणांमधून, मग चहाच्या ओळींमधून आणि त्यानंतर बराच वेळ लावलेल्या सुगींच्या रांगांमधून ती चढत राहते. हा मधला टप्पा कंटाळवाणा आहे. खोडे सारख्या जाडीची, अंतरे सारखी, पक्ष्यांचा आवाज दूरवरून येतो आणि डांबरी रस्ता पुन्हापुन्हा आडवा येऊन आपण उगाच दमत असल्याची जाणीव करून देतो. अस्वलाचे चित्र काढलेल्या पाट्या दोन ठिकाणी होत्या. बहिणीने पाठपिशवीला घुंगरू बांधले होते; जपानमधले गिर्यारोहक अस्वलाला आपली चाहूल लागावी म्हणून तसे करतात.

साडेतीन तासांनी वाहनतळ आला. तिथे स्वच्छतागृह आहे, चहाचे एक छोटे दुकान आहे आणि त्यांच्यापलीकडे पहिली तोरी, म्हणजे देवस्थानाची दोन खांबांची कमान. कमानीतून आत जाताना लोक थांबून वाकतात आणि वाटेचा मध्य देवासाठी सोडून कडेने चालतात. इथून वाट चढत नाही, तर डोंगराच्या कुशीला धरून हळूहळू उतरत जाते, आणि याच ठिकाणी जंगल बदलते. रांगा संपतात. सुगी इथेही आहेत, पण प्रत्येकाची जाडी निराळी, प्रत्येकाचा कल निराळा, आणि त्यांच्या मधल्या जागेत मेपल, ओक, फर अशी नाना झाडे आपापली जागा करून उभी आहेत. खाली नेच्यांचे रान, दगडांवर बोटभर जाडीचे शेवाळ, पडलेल्या खोडावर रुजलेली त्याच झाडाची पोरे. सकाळपासून ज्या झाडांखालून चाललो त्यांच्याच जातीची ही झाडे आहेत हे पटायला वेळ लागतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सांगायला देवराई हा एक शब्द पुरेसा आहे. कोकणात किंवा मावळात देवराईतली वाळकी फांदीही घरी नेऊ नये असा दंडक असतो, तसाच नियम इथे शतकानुशतके पाळला गेला. लाकडावर पोट असलेल्या या गावाने एवढा एक डोंगरमाथा कुऱ्हाडीपासून राखून ठेवला. इथल्या प्रचंड सुगींचा समूह आज नारा प्रांताचे संरक्षित नैसर्गिक स्मारक आहे, परंतु कायदा आला तेव्हा राखण्याचे काम आधीच होऊन गेलेले होते.

देवळाच्या पायऱ्यांपाशी दगडी कुंडात डोंगरातले पाणी पडत असते. पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग ओंजळीतल्या पाण्याने चूळ, आणि शेवटी पळी उभी धरून तिचा दांडा धुवायचा. मुख्य देऊळ केयाकी या कठीण लाकडाचे आहे आणि रंग न दिल्यामुळे ते पावसाने करडे पडले आहे. छत उंच, दोन्ही अंगांना उतरते; छज्याखालच्या तुळयांवर कोरीवकाम. आत मूर्ती दिसत नाही. शिंतो देवस्थानात देवाचे प्रतीक बंद दारांमागे असते आणि भाविक दारासमोर दोनदा वाकतो, दोनदा टाळी वाजवतो आणि पुन्हा एकदा वाकतो. इथे पाच देवता पूजल्या जातात. कुनितोकोताची हा सृष्टीच्या आरंभीचा देव, इझानागी आणि इझानामी हे बेटांना जन्म देणारे दांपत्य, आमातेरासु ही सूर्यदेवता आणि पाचवा जिम्मू, जपानचा आद्य सम्राट मानला गेलेला. कथा अशी की जिम्मू कुमानोच्या किनाऱ्यावर उतरून याच डोंगरांमधून उत्तरेकडच्या यामातो सपाटीला गेला, म्हणजे आमच्या बसच्या नेमक्या उलट दिशेने, आणि जाता जाता त्याने या पर्वतावर रत्न ठेवून प्रार्थना केली.

मुख्य देवळालगत जिंदाई-सुगी उभे आहे. त्याचे वय तीन हजार वर्षे सांगितले जाते. आकड्याची खातरजमा करण्याचा मार्ग माझ्यापाशी नाही, पण खोड पाहिल्यावर वाद घालावासा वाटत नाही. खालच्या भागात साल सरळ धाग्यांची उरलेलीच नाही. ती वळलेली, गाठाळलेली आणि काही ठिकाणी आतल्या पोकळीत मुडपून गेलेली आहे. त्या पोकळीच्या कडेला माती साचून दुसरीच कुठली तरी रोपटी वाढली आहेत. खोडाभोवती जाड शिमेनावा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा पवित्र दोर, बांधलेला आहे आणि त्याला पांढऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या लावल्या आहेत. मुळांवर पाय पडू नये म्हणून कठडा घातला आहे. यापेक्षा उंच आणि सरळ सुगी आवारात इतरही आहेत, बुंध्याशी एकमेकांना चिकटून वाढलेली जोडी आहे, तिला नवरा-बायको म्हणतात आणि नवी जोडपी तिच्यासमोर छायाचित्र काढतात. मला मात्र जिंदाईपाशीच अधिक वेळ थांबावेसे वाटले.

देवस्थानाचे कार्यालय असलेली इमारत 1804 सालची असून ती राष्ट्रीय महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून जतन केलेली आहे. थोडे शुल्क भरून आत जाता येते. उतारावर असल्यामुळे समोरून ती एकमजली वाटते, पण दरीच्या अंगाला खाली आणखी एक मजला आहे. आतल्या खोल्या एकमेकींपासून सुगीच्या अखंड फळ्यांच्या सरकत्या दारांनी वेगळ्या केलेल्या आहेत आणि त्या फळ्यांवर कानो या चित्रकार घराण्याच्या शैलीतली मोर, पाइन, फुले यांची चित्रे आहेत. रंग बऱ्याच ठिकाणी उडाला आहे. तिथे लाकडाच्या रेषाच चित्राचा भाग होऊन गेल्या आहेत. मोराच्या मानेवरचा निळा आणि हिरवा मात्र अंधाऱ्या खोलीतही ओळखू येतो. इतक्या दुर्गम डोंगरावर राजधानीच्या तोडीची चित्रे कशी आली, या प्रश्नाचे उत्तर या जागेच्या इतिहासात आहे. ही इमारत बांधली गेली ती शिंतो देवस्थानाचे कार्यालय म्हणून नव्हेच. ती एका बौद्ध मठाची वास्तू होती.

जपानमध्ये जवळजवळ हजार वर्षे शिंतो देव आणि बुद्ध-बोधिसत्त्व यांची पूजा एकाच आवारात चालत असे. त्यातून शुगेंदो हा डोंगरात फिरून तप करण्याचा पंथ वाढला. त्याचे यामाबुशी, म्हणजे डोंगरातले तपस्वी, आजही शंख फुंकत चालतात, अचलनाथ या रौद्र देवतेपुढे होम करतात, आणि त्या होमाला ते गोमा म्हणतात. उत्तरेकडच्या योशिनोपासून दक्षिणेच्या कुमानोपर्यंत ओमिने पर्वतराजीच्या कण्यावरून जाणारी ओकुगाके ही त्यांची मुख्य वाट. तिच्यावर तपश्चर्येची 75 ठाणी आहेत आणि कुमानोकडून मोजले तर तामाकी हे दहावे. क्योतोतल्या शोगोइनसारख्या बलाढ्य मठाचा आश्रय होता, म्हणून पैसा होता आणि चित्रकारही होते.

1868 मध्ये सम्राटाच्या नावाने सत्तेवर आलेल्या नव्या मेइजी सरकारने देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. अनेक ठिकाणी तो कागदावर राहिला, काही ठिकाणी लोकांनी मूर्ती लपवल्या; तोत्सुकावात मात्र तो पूर्णपणे अमलात आला. इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सम्राटाचे निष्ठावंत, करमाफी मिळालेले आणि शस्त्र बाळगणारे. त्यांनी गावातली पन्नासहून अधिक बौद्ध मंदिरे बंद केली. आजही गावातली अंत्यविधीची रीत शिंतो पद्धतीची आहे, जी जपानमध्ये इतरत्र क्वचित आढळते. 1872 मध्ये शुगेंदोवरही बंदी आली आणि ती पुढे उठेपर्यंत बराच काळ गेला. तामाकीचा मठ गेला, देवस्थान राहिले. बाराव्या शतकातली एक बौद्ध घंटा मात्र अजूनही इथल्या संपत्तीत आहे. एका हुकमाने एवढी जुनी सरमिसळ निवडून टाकता येते यावर माझा विश्वास नव्हता. आता वाटते की माणसांच्या बाबतीत ती निवडता येते. त्या सरकत्या दारांना आणि बाहेरच्या झाडांना कोणी हुकूम वाचून दाखवला नसावा.

आणि सगळ्याच माणसांच्या बाबतीतही ती निवडली गेलेली नाही, याचा प्रत्यय दहा मिनिटे वर चढल्यावर येतो. माथ्याकडे जाणाऱ्या वाटेवर तामाइशी-शा हे उपस्थान आहे. त्याला देऊळ नाही. जुन्या सुगींच्या मधे लाकडी कठडा, कठड्याच्या आत पांढऱ्या गोट्यांचा थर, आणि त्या थरातून तळहाताएवढा वर आलेला एक काळा, गुळगुळीत, गोल दगड. बाकीचा दगड जमिनीत किती खोल गेला आहे हे कोणी खणून पाहिलेले नाही. ओमिनेचे तपस्वी मुख्य देवळात जाण्याआधी या दगडाला वंदन करतात, असा प्रघात आहे, आणि या जागेची पूजा मुळात इथूनच सुरू झाली असे मानतात. आम्ही उभे होतो तेव्हा पांढरी वस्त्रे घातलेले दोन वृद्ध वरून उतरून आले, त्यांनी खिशातून गोटा काढून इतर गोट्यांत ठेवला, टाळ्या वाजवून वंदन केले आणि त्यानंतर हात जोडून बौद्ध सूत्राच्या चार ओळीही म्हटल्या. दोन्ही विधींमध्ये त्यांना कसलीही अडचण जाणवत नव्हती.

या दगडाला आणखी एक बाजू आहे. तामाकीच्या माथ्याजवळ जे खडक उघडे पडले आहेत ते उशांसारखे गोलसर, एकमेकांवर रचल्यासारखे आहेत. लाव्हा समुद्राच्या तळाशी बाहेर पडून पाण्यात झटकन थिजला की असे गोळे होतात. समुद्रतळाचा तो भाग भूकवचाच्या हालचालीत किनाऱ्याला ढकलला गेला आणि उचलत उचलत डोंगराच्या माथ्यावर आला. हेही प्रांताचे संरक्षित नैसर्गिक स्मारक आहे आणि पूजेतला तो गोल दगड अशाच एका गोळ्याचे टोक असावे, असे समजले जाते. सह्याद्रीच्या काळ्या खडकात वाढलेल्या माणसाला लाव्हा नवा नाही, परंतु आपला बहुतांशी जमिनीवर पसरलेला. हा पाण्याखालून वर आला.

माथ्यावर शाकुनागे, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला होता. गुलाबी फुलांचे गुच्छ आणि खाली दरीत ढग. या डोंगराचे जुने नाव ओकिमी-दाके, समुद्र दिसणारे शिखर. दक्षिणेकडे डोंगरांच्या अनेक ओळींपलीकडे एक फिकट, सपाट पट्टी दिसत होती. बहीण म्हणाली समुद्र. मला तो ढगही वाटला असता. वारा बोचरा होता, त्यामुळे आजींनी बांधून दिलेली मेहारी-झुशी खाऊन आम्ही लवकरच उतरलो. टॅक्सीने त्याच डोंगराला चाळीस मिनिटांत संपवले. बोलावण्याची आख्यायिका रस्ता नव्हता त्या काळात खरी वाटत असणार. आता ती देवस्थानाच्या प्रसिद्धीलाच अधिक उपयोगी पडते, असे माझे मत झाले.

तिसरा दिवस : नदीच्या खालच्या अंगाला

तामाकीचे पाणी ज्या नदीला मिळते तीच नदी खाली कुमानो होंगू या महातीर्थाजवळून जाते. बसने हे अंतर तासाभराचे आहे. होंगूचे सध्याचे देवालय टेकडीवर, 158 पायऱ्या चढून गेल्यावर लागते, आणि बहुतेक यात्रेकरू तिथेच दर्शन घेऊन परततात. आम्ही दर्शन घेतले, तीन पायांच्या यातागारासु कावळ्याची चिन्हे पाहिली, जो जिम्मूला डोंगरातून वाट दाखवत गेला असे सांगतात आणि जो आता जपानच्या फुटबॉल संघटनेच्या बोधचिन्हावर आहे. गर्दी होती, व्यवस्था चोख होती. याहून अधिक लिहिण्यासारखे मला तिथे सापडले नाही.

मूळ जागा मात्र खाली आहे. कुमानो, ओतोनाशी आणि इवाता या नद्यांच्या संगमावरच्या ओयुनोहारा नावाच्या रेताड बेटावर होंगूची बारा देवालये शतकानुशतके उभी होती. पूल मुद्दाम बांधलेला नव्हता. यात्रेकरूंनी ओतोनाशीच्या पाण्यातून पाय भिजवत जावे आणि तेच त्यांचे शुद्धिस्नान ठरावे, अशी योजना होती. 1889 च्या ऑगस्टमध्ये, ज्या पावसाने वर तोत्सुकावाचे कडे कोसळवले, त्याच पावसाचे पाणी इथे आले आणि बहुतेक देवालये वाहून गेली. वाचलेल्या चार देवालयांचे लाकूड सोडवून 1891 मध्ये ती टेकडीवर पुन्हा उभी केली गेली. इतक्या शतकांत असे का झाले नाही आणि तेव्हाच का झाले, याचे कारण इथले लोक वरच्या खोऱ्यातल्या जंगलतोडीकडे बोट दाखवून सांगतात. मेइजी काळात डोंगर झपाट्याने बोडके होत गेले आणि पाणी धरून ठेवायला उतारावर काही उरले नाही. पाऊस असाधारण होता हेही खरे, पण आदल्या दिवशी एकाच डोंगरावर दोन प्रकारची जंगले पायाखालून गेलेली असल्यामुळे मला हे कारण पटले.

ओयुनोहाराच्या तोंडाशी आता 33.9 मीटर उंच आणि 42 मीटर रुंद अशी पोलादी तोरी आहे. ती 2000 साली उभी राहिली. भातखाचरांच्या मधून तिच्याकडे जाणारी वाट छायाचित्रांत सुंदर दिसते, परंतु तिच्या आकाराचा उद्देश लांबून दिसणे एवढाच असावा, असे जवळ गेल्यावर वाटत राहते. तिच्या पलीकडे सुगींच्या सावलीत मोकळे मैदान, आणि मैदानात चौथऱ्यावर दोन लहानशी दगडी देवळे. पुरात गेलेल्या आणि परत न बांधलेल्या देवालयांच्या देवतांची स्थापना या दोन दगडांत केलेली आहे. पुराचे पाणी कुठवर चढले होते याची मी बरीच चौकशी केली. नदीचे पात्र आज बांधाच्या पलीकडे, गोट्यांच्या रुंद पट्ट्यातून शांतपणे वाहते आणि वरच्या धरणांमुळे त्यात पूर्वीइतके पाणी नसते.

दुपारच्या बसने आम्ही शिंगूला आणि तिथून रेल्वेने पुढे गेलो. ज्यांना तामाकीहून होंगूपर्यंत ओकुगाकेच्या वाटेनेच चालत यायचे असेल त्यांनी त्यासाठी पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचा पूर्ण दिवस राखून ठेवावा, पाणी देवस्थानातून भरून घ्यावे आणि मधे एकही दुकान नाही हे गृहीत धरावे. गोदाइसोन शिखराच्या आसपासची चढउतार अंतराच्या मानाने अतिशय दमवणारी असल्याचे होंगूत भेटलेल्या दोघा चालणाऱ्यांनी सांगितले. हिवाळ्यात तामाकीचा रस्ता बर्फाने निसरडा होतो आणि साध्या चाकांच्या टॅक्सी वर जात नाहीत. मे महिना किंवा नोव्हेंबरचा पूर्वार्ध सोयीचा आहे, आणि यागीच्या बसमध्ये तोत्सुकावाकडे जाताना दरीच्या अंगाची जागा धरावी.